गोळी केवढी आणि नळी कसली? ठासणीच्या रायफलींविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या शस्त्रांविषयी अलीकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, रायफलीत मोठी गोळी चांगली की लहान, आणि जनावर जागच्या जागी थोपवण्याची ताकद, जिला शिकारी मंडळी ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणतात, ती मोजायची तरी कशी, हा प्रश्न या ना त्या रूपाने त्या सगळ्यांत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली, त्यामुळे पुढील मजकूर इथल्या वाचकांसाठी इतिहास आणि पदार्थविज्ञान एवढ्याच नात्याने आहे. जिथे अशी शिकार आजही परवान्याने चालते, त्या देशातल्या एका वाचकाला मात्र व्यवहारातले उत्तर द्यावे लागले आहे.

प्रश्न : बारा बोअरची नळी मोठी आणि सोळा बोअरची लहान, हा उलटा हिशेब कशासाठी? आणि ‘पॉइंट पन्नास’च्या रायफलीत गोळीही अर्ध्या इंचाचीच असते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : हा हिशेब शिसे विकत घेऊन घरीच गोळ्या ओतणाऱ्या माणसाचा आहे. एक पौंड शुद्ध शिशातून नळीत बसतील अशा बारा सारख्या गोल गोळ्या पडल्या, तर ती नळी बारा बोअरची, आणि सोळा पडल्या तर सोळा बोअरची. गोळ्यांची संख्या वाढली की प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून आकडा चढतो आणि नळी उतरते. बारा बोअरचा व्यास सुमारे ०.७३ इंच भरतो, सोळा बोअरचा ०.६६ इंच, आणि हत्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या चार बोअरचा इंचाहूनही थोडा अधिक. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात, तेव्हा बारा बोअरची गोळी ५८३ ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ ३८ ग्रॅमची झाली. अमेरिकी पद्धतीत मात्र नळीचा व्यास थेट इंचाच्या शतांशांत सांगतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ०.५० इंचाच्या नळीत गोल गोळी साधारणपणे ०.४९ इंचाची घालतात, कारण ती तेल किंवा चरबी लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासायची असते. नळीच्या आत मळसूत्रासारख्या कोरलेल्या खाचांना, म्हणजे आट्यांना, ती चिंधी पकडते आणि चिंधीबरोबर गोळी फिरते. शिशाचा आट्यांशी थेट संबंध फारसा येतच नाही. या चिंधीचे महत्त्व पुढच्या उत्तरांत येईलच.

प्रश्न : मी कोलोरॅडोत नोकरीनिमित्त राहतो. इथे सप्टेंबरमध्ये ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो आणि कार्यालयातील सहकाऱ्यांबरोबर एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाण्याचा विचार आहे. माझ्याकडे ०.५० ची रायफल आहे. एकजण म्हणतो ०.५४ शिवाय जाऊ नकोस, दुसरा म्हणतो ०.५० मध्येच लांबट गोळी घाल. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, डेन्व्हर)

उत्तर : दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, परंतु निवाडा या दोघांपैकी कोणी करायचा नसून आपल्या रायफलीच्या नळीने करायचा आहे. ते कसे, हे सांगण्याआधी थोडे गणित पाहू.

गोल गोळीचे वजन व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ०.४५ च्या नळीतली ०.४४ इंचाची गोळी सुमारे १२८ ग्रेनांची असते, ०.५० च्या नळीतली १७७ ग्रेनांची आणि ०.५४ च्या नळीतली २२४ ग्रेनांची. म्हणजे ०.४५ वरून ०.५४ वर जाताना व्यास पाचव्या हिश्शाने वाढला, पण वजन पाऊणपटीने वाढले. आधुनिक रायफलीत वजनाची ही उणीव वेगाने भरून काढता येते. ठासणीच्या रायफलीत ती सोय जवळजवळ नाही. काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून कमी भागाचा वायू होतो आणि उरलेला भाग धूर व काजळी होऊन नळीत आणि हवेत जातो. त्यामुळे एका मर्यादेपलीकडे दारू वाढवली की धक्का आणि धूर वाढतो, वेग मात्र फारसा वाढत नाही. गोल गोळी नळीतून निघताना सेकंदाला १,८०० ते २,००० फूट वेगाने निघाली, तर ती चांगली चालली असे समजतात.

त्यातही हा वेग टिकत नाही. हवा कापण्याच्या बाबतीत गोलाइतका वाईट आकार क्वचितच सापडेल. १,९०० फुटांनी निघालेली ०.५० ची गोळी १०० यार्डांवर पोचते तेव्हा तिचा वेग साधारण १,०५० फुटांच्या आसपास उरलेला असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे नळीच्या तोंडाशी सुमारे १,४०० फूट-पौंड असलेली ऊर्जा १०० यार्डांवर ४३० च्या घरात येते. अधिक दारू घालून सुरुवातीचा वेग थोडा चढवला, तरी त्यातला मोठा भाग हवाच खाऊन टाकते, कारण ध्वनीच्या वेगाच्या वर जितके जावे तितका हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. म्हणूनच गोल गोळी वापरणारे जुने जाणकार दारू वाढवण्यापेक्षा नळी मोठी घेत.

लांबट गोळीचे गणित वेगळे आहे. त्याच ०.५० च्या नळीत ३७० ग्रेनांची लांबट शिशाची गोळी १,४०० फुटांनी निघाली, तर तिची ऊर्जा सुमारे १,६०० फूट-पौंड भरते, म्हणजे गोल गोळीपेक्षा फार अधिक नाही. पण १०० यार्डांवर तिच्याजवळ १,००० फूट-पौंडांच्या आसपास ऊर्जा शिल्लक असते. छेद, म्हणजे गोळीचा आडवा काप, तेवढाच, पण त्यामागे वजन दुपटीहून अधिक, म्हणून ती हवेतही कमी अडते आणि अंगातही खोल जाते. पांढऱ्या शेपटीच्या हरणासारख्या जनावराला या खोलीची गरज नसते, तिथे ०.५० ची गोल गोळी बरगड्यांतून आरपार जाते. एल्कचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या वर भरतो, त्याच्या खांद्याचे हाड जाड असते आणि फुप्फुसापर्यंतचे अंतरही मोठे असते, त्यामुळे तिथे खोलीचा प्रश्न खरोखरच उभा राहतो.

आता नळीकडे येतो. आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, हे आपल्या रायफलीवर कोरलेले असेल किंवा पुस्तिकेत दिलेले असेल. चिंधीतल्या गोल गोळीला सावकाश फिरणारे आटे लागतात, ०.५० मध्ये ६६ ते ७२ इंचांत एक फेरा. लांबट गोळी हवेत डोके खाली घालू नये म्हणून तिला जलद फिरावे लागते. आधुनिक पद्धतीच्या ठासणीच्या रायफलींत २८ इंचांत एक फेरा असतो. मधली तडजोड ४८ इंचांची, आणि सगळ्या तडजोडींप्रमाणे ती दोन्ही बाजूंना थोडीथोडी नाराज ठेवते. आपली नळी २८ इंचांच्या फेऱ्याची असेल, तर पूर्ण दारूवर गोल गोळी तिच्यातून नेमकी जाणार नाही आणि ‘०.५४ घ्या’ हा सल्ला आपल्यापुरता निरर्थक आहे. जड लांबट गोळी घ्यावी. ती ७० इंचांच्या आसपासची असेल, तर लांबट गोळीचा नाद सोडावा, आणि मग खरोखरच ०.५४ ची नळी ०.५० पेक्षा कितीतरी भरवशाची ठरते, तीही जनावर आडवे उभे असताना आणि ७५ यार्डांच्या आतच. ४८ इंचांची असेल, तर दोन्ही प्रकारच्या गोळ्या कागदावर झाडून पाहाव्यात आणि जिच्या छिद्रांचा घोळका लहान पडेल ती निवडावी.

प्लास्टिकच्या वेष्टणात पिस्तुलाची लहान गोळी बसवून ती ०.५० च्या नळीतून झाडण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ नंतर, टोनी नाइट यांच्या सरळ मागून ठिणगी देणाऱ्या रायफलीबरोबर फोफावली. बऱ्याच राज्यांत ती चालते, परंतु कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात अशी वेष्टणे, दारूच्या तयार वड्या आणि दुर्बीण या तिन्हींना मनाई आहे, आणि एल्कसाठी ०.५० हून लहान नळी चालत नाही. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तिथे शिकार-शिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. निघण्यापूर्वी त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचावी. सहकाऱ्यांच्या आठवणीवर विसंबू नये.

प्रश्न : मोठी गोळी लागली की जनावर मागे फेकले जाते, असे चित्रपटांत दिसते. ‘स्टॉपिंग पॉवर’ म्हणजे हाच धक्का का? ऊर्जा, संवेग की व्यास, यांपैकी नेमके काय मोजावे? (भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : आपण भौतिकशास्त्र शिकता, तेव्हा आकडे आपणच मांडून पाहावेत. १७७ ग्रेन म्हणजे साधारण ११.५ ग्रॅम, आणि १,९०० फूट म्हणजे सेकंदाला ५७९ मीटर. संवेग आला ६.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. हा सगळाच्या सगळा ७० किलोच्या हरणाला मिळाला, तरी हरणाला मिळणारा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरही भरत नाही. कोणी हलकेच ढकलावे, एवढाच तो धक्का. शिवाय बंदूक झाडणाऱ्याच्या खांद्याला तेवढाच संवेग, किंबहुना दारूच्या वायूमुळे थोडा अधिकच, मिळालेला असतो आणि तो काही मागे फेकला जात नाही. तेव्हा चित्रपटातील जनावर दिग्दर्शकाच्या हुकमाने पडते.

खरे जनावर दोनच कारणांनी थांबते. मेंदूला किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली तर ते तिथेच कोसळते. त्यासाठी गोळीच्या आकारापेक्षा नेम महत्त्वाचा. एरवी रक्तस्राव होऊन मेंदूचा प्राणवायू तुटेपर्यंत ते चालते, पळते किंवा अंगावर येते, आणि हृदय फाटले तरी हा अवधी काही सेकंदांचा असतोच. ठासणीच्या रायफलीची गोळी संथ असल्यामुळे आधुनिक रायफलीच्या गोळीसारखा तिच्या वाटेभोवतीचा मोठा भाग फाटत नाही. तिचे काम तिच्या स्वतःच्या छिद्रावर चालते. छिद्र जितके रुंद आणि जितके आरपार, तितका रक्तस्राव लवकर. मऊ शिशाची गोळी आदळून चपटी होते, छिद्र रुंदावते आणि खोली कमी होते. शिशात कथील मिसळून ती कडक केली की उलट घडते. हरणासाठी मऊ शिसे आणि जाड कातडीच्या जनावरासाठी कडक, हा जुना रिवाज याच हिशेबाचा होता.

या बाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते ती नोंद १८०५ सालची आहे. लुइस आणि क्लार्क या अमेरिकी शोधप्रवाशांची तुकडी मिसुरी नदीने वर जात असताना ५ मे रोजी क्लार्क आणि त्यांच्या एका शिकाऱ्याने एक ग्रिझली अस्वल मारले. लुइस यांनी दैनंदिनीत लिहिले आहे, की त्याला दहा गोळ्या लागल्या होत्या, त्यांतील पाच फुप्फुसातून गेल्या होत्या, आणि तरीही ते निम्म्याहून अधिक नदी पोहून वाळूच्या बेटावर गेले व तिथे निदान वीस मिनिटांनी मेले. पुढच्याच आठवड्यात, १४ मे रोजी, सहा चांगल्या शिकाऱ्यांवर दुसरे अस्वल उलटले आणि दोघांना नदीत उडी टाकावी लागली. अखेर ते मेल्यावर फाडून पाहिले, तर आठ गोळ्या अंगातून वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या आढळल्या. मारण्याची ताकद आणि थोपवण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाच गोळ्या फुप्फुसातून गेलेले जनावर मरणारच होते. प्रश्न त्या वीस मिनिटांत तुमचे काय होते हा असतो.

पुढे रॉकी पर्वताकडे जाणाऱ्या अमेरिकी शिकाऱ्यांनी यातून धडा घेतला. पूर्वेकडच्या पेनसिल्व्हेनियाच्या लांब रायफली हरणे आणि लहान प्राणी यांच्यासाठी घडलेल्या असत आणि ०.४० च्या आसपासच्या नळीत शिशाची मोठी बचत होई; पौंडभर शिशातून ७८ गोळ्या निघत. सेंट लुइस शहरात जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या बंधूंनी पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी ज्या रायफली बनवल्या, त्या आखूड, जड आणि ०.५० ते ०.५४ च्या घरातल्या होत्या. तेवढ्याच शिशात तिथे ३१ गोळ्या पडत. सगळे सामान घोड्याच्या किंवा स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्या माणसाने निम्म्याहून कमी गोळ्यांवर समाधान मानले, यावरून मोठ्या गोळीची त्याला किती निकड वाटली असेल ते कळते.

आता मोजायचे काय? आफ्रिकेतील हत्तींचे शिकारी जॉन टेलर यांनी १९४८ मध्ये ग्रेनांतील वजन, फुटांतील वेग आणि इंचांतील व्यास यांचा गुणाकार करून त्याला ७,००० ने भागण्याचे सूत्र मांडले. आपल्या ०.५० च्या गोल गोळीला त्यात नळीच्या तोंडाशी सुमारे २३ गुण मिळतात. परंतु टेलर यांचा आकडा हत्तीच्या मस्तकावर झाडलेली, मेंदू चुकवून गेलेली भरीव गोळी त्याला कितपत बधिर करील यासाठी होता, आणि हरणाच्या शिकारीला तो लावणे त्यांना स्वतःलाही मान्य नव्हते. ऊर्जेचे तक्ते तर आधुनिक वेगवान गोळ्यांसाठी रचलेले आहेत. त्यांच्या मापाने १०० यार्डांवरची गोल गोळी पिस्तुलाच्या पंगतीत बसते, आणि तरी तिने दोनशे वर्षे अमेरिकेतली घरे मांसावर पोसली. ठासणीच्या रायफलींची आपसांत तुलना करायची असेल, तर मी व्यास आणि छेदामागचे वजन हे दोनच आकडे पाहीन, आणि ऊर्जेचा आकडा दुकानदाराकडे ठेवीन.

प्रश्न : आमच्या भागात सातपुड्याच्या जंगलांविषयी बोलताना कॅप्टन फोर्सिथ यांचे नाव हमखास निघते. त्यांनी रायफलीच्या गोळीवरही काही सिद्धान्त मांडला होता असे ऐकले. तो काय होता, आणि लांबट गोळी आल्यानंतरही ते गोल गोळीला का धरून बसले? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हे पत्र वाचून फार बरे वाटले, कारण या विषयातला एक उत्तम विचार आपल्याच शेजारच्या जंगलांत पारखला गेला याची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. जेम्स फोर्सिथ हे हिंदुस्थानातल्या इंग्रजी सैन्याच्या बंगाल स्टाफ कोअरचे अधिकारी. १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी ठेवून मध्य प्रांत निर्माण झाला, आणि मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत सातपुड्याच्या डोंगराळ भागाची पाहणी करण्याचे काम फोर्सिथ यांच्याकडे आले. पचमढीचे पठार त्यांच्यामुळे इंग्रजी राज्याच्या नकाशावर ठळक झाले. तिथला त्यांचा ‘बायसन लॉज’ अजून उभा आहे. पुढे ते निमाड जिल्ह्यात जमीनमहसूल ठरवणारे अधिकारी (सेटलमेंट ऑफिसर) झाले आणि १८७१ मध्ये, ऐन उमेदीत, वारले. शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवरचे त्यांचे पुस्तक १८६३ चे आहे.

त्यांचे म्हणणे समजण्यासाठी त्या वेळची हवा पाहिली पाहिजे. १८४९ मध्ये फ्रेंच कॅप्टन मिनिए यांची बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी फ्रेंच सैन्यात आली. ती नळीत सहज उतरे, आणि दारू पेटताच बुडाचा घेर फाकून आट्यांत घट्ट बसे. तिच्याच जातीची गोळी घेणारी १८५३ ची एनफील्ड रायफल आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ मध्ये काय घडवले ते सांगायला नको. ०.५७७ च्या त्या नळीतली ५३० ग्रेनांची गोळी शेकडो यार्डांवर माणूस पाडी, आणि त्यामुळे सैन्याला जे साधले ते शिकाऱ्यालाही साधेल, असे सर्वांना वाटू लागले.

फोर्सिथ यांनी या समजुतीलाच हात घातला. सैनिकाला दूरचा शत्रू मारायचा असतो; मध्य हिंदुस्थानच्या जंगलात सांबर, गवा किंवा वाघ बहुधा शंभर यार्डांच्या आत दिसतो, तोही झाडोऱ्यात, क्षणभर, आणि अंतर मोजायला वेळ न देता. जड लांबट गोळी थोड्या दारूवर संथ निघते, तिची वाट कमानीसारखी वाकडी असते, आणि ऐंशी यार्ड आहेत की सव्वाशे याचा अंदाज चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पायाखाली पडते. मोठ्या नळीतली गोल गोळी भरपूर दारूवर झाडली, तर त्या शंभर-सव्वाशे यार्डांत ती जवळजवळ सरळ जाते आणि जिथे लागते तिथे मोठे छिद्र पाडते. शंभर यार्डांपलीकडे ती मंदावते खरी, परंतु त्यापलीकडे झाडायचेच नसेल तर त्याचे दुःख कशाला करायचे, असा हा युक्तिवाद.

अडचण आट्यांची होती. त्या काळच्या शिकारी रायफलींत आटे जलद फिरत, आणि अशा नळीत दारू वाढवली की गोल गोळी आट्यांबरोबर न फिरता त्यांच्यावरून घसरत सरळ निघून जाई. मग नेम कुठला आणि काय कुठले. यावर उपाय म्हणून इंग्रजी सैन्याने १८३७ मध्ये ब्रन्सविक रायफलीला कंबरपट्ट्यासारखा उंचवटा असलेली गोळी दिली, पण नळी काजळली की ती ठासताना शिपायाची दमछाक होई. फोर्सिथ यांनी उलट्या बाजूने विचार केला. गोळीला पट्टा देण्याऐवजी त्यांनी आट्यांचाच फेरा कमी केला. १४ बोअरच्या, म्हणजे ०.६९ इंचाच्या नळीला १०४ इंचांत एक फेरा त्यांनी सुचवला. रायफलीची नळी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही लांब नसते, म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळी पाव फेऱ्याच्या थोडीफार पुढे जाई. गोल गोळीला डोके-शेपूट नसल्यामुळे तेवढे फिरणे तिला पुरते, आणि ५०० ग्रेनांची ती गोळी कितीही दारूवर आटे सोडत नाही.

इथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. १८७९ मध्ये वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी लांबट गोळीला किती जलद फिरवावे याचे सूत्र काढले : व्यासाचा वर्ग करा, लांबीने भागा आणि १५० ने गुणा. सूत्र लांबट गोळीसाठी आहे, गोलाला ते लावणे ही थोडी मस्करीच. पण गोलाची लांबी म्हणजे त्याचा व्यासच धरून ०.६९ ला १५० ने गुणले, तर उत्तर येते १०३.५ इंच. फोर्सिथ सोळा वर्षे आधी त्याच आकड्यापाशी उभे होते. आणि ०.५० साठी हेच केले तर ७५ इंच येतात, म्हणजे वर डेन्व्हरच्या वाचकांना सांगितलेल्या फेऱ्याच्या अगदी जवळ.

फोर्सिथ यांचे सगळेच मान्य करावे असे मात्र नाही. सांबर, वाघ यांच्यापुरते ते निर्विवाद बरोबर होते. हत्तीसाठी मऊ शिशाची १४ बोअरची गोळी कमी पडे, आणि त्या बाबतीत हत्तींचे इंग्रज शिकारी सॅम्युएल बेकर यांचा मार्ग निराळा होता. बेकर यांनी १८४० मध्ये ब्रिस्टलच्या गिब्ज यांच्याकडून सिलोनसाठी चार बोअरची रायफल बनवून घेतली होती. तिचे वजन २१ पौंड आणि एकदा झाडायला लागणारी दारू सोळा ड्रॅम, म्हणजे २८ ग्रॅम. एवढे धूड खांद्याला लावून धावत्या हत्तीपुढे उभे राहणारा माणूस लाखात एक. फोर्सिथ यांची रायफल साधा अधिकारी दिवसभर घोड्यावर घेऊन फिरू शकत होता. लंडनच्या जेम्स पर्डी यांनी १८५६ मध्ये ‘एक्स्प्रेस ट्रेन’ नावाने हलकी गोळी आणि भरपूर दारू यांची जी रायफल काढली, तीही सरळ वाटेच्याच शोधात होती, फक्त नळी बारीक ठेवून. नंतरच्या दहा-वीस वर्षांत मागून काडतूस भरण्याच्या रायफली आल्या, ‘एक्स्प्रेस’ हे नाव त्यांनी उचलले, आणि १०४ इंचांचा फेरा विसरला गेला. अमेरिकेत गोल गोळीच्या मोठ्या नळ्या बनवणारे काही कारागीर अजूनही त्या संथ आट्यांना फोर्सिथ यांच्याच नावाने ओळखतात.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. ते शेतीच्या राखणीसाठी ती वापरत. ही रायफल म्हणायची का, आणि रानडुकरासाठी तिच्यात छर्रे घालावेत की एक मोठी गोळी? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : बहुधा ती रायफल नाही. कोकणात पिकाच्या राखणीसाठी ज्या ठासणीच्या बंदुका घरोघरी असत, त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यात आटे नसतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. परंतु आजोबांचा परवाना आपोआप आपल्याकडे येत नाही, आणि पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकरालाही मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी यांच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणून छर्रे की गोळी या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करावी. अशा बंदुका शेवटचा बार भरून खुंटीला टांगलेल्या असतात आणि ते सांगणारे माणूस मागे राहत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे जिवंत राहते. आधी कानावर, म्हणजे नळीच्या बुडाशी ठिणगी आत जाण्याच्या बोंडावर, ठिणगी देणारी टोपी नाही ना, हे पाहावे. मग तोंड कोणाकडेही नसेल अशा रीतीने, स्वतःचा चेहरा आणि हात नळीच्या समोर न आणता, ठासण्याचा गज हलकेच आत सोडावा, नळीच्या तोंडापाशी त्यावर खूण करावी, आणि तो बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक कानापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी आहे. चार बोटे अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे असे समजून बंदूक तशीच खाली ठेवावी, पोलीस ठाण्याला कळवावे आणि परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्यालाच घरी बोलवावे. टोपी लावून बार उडवून टाकण्याचा सल्ला गावात कोणीतरी नक्की देईल. इतक्या वर्षांच्या गंजलेल्या नळीच्या बाबतीत तो ऐकू नये.